कान्हे घराण्याचे मुलाणीमास्तर

टाळी कुठे द्यायची ते आपल्याला कळतं, असा माझा सव्विसाव्या वर्षापर्यंत समज होता. लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवायला रुजू झालो आणि पहिल्याच सकाळी तो गेला.

प्रार्थना चालू होती. दीडशे मुलं एका तालात टाळ्या देत होती, आम्ही मास्तर मंडळी हात बांधून उभे होतो आणि पेटीशेजारी उभा असलेला एक उंच, काळासावळा, सडसडीत माणूस सगळ्यांची टाळी पडून गेल्यावर एकटाच टाळी देत होता. मुलांची टाळी पडायची, मग क्षणभर हवा रिकामी व्हायची आणि त्या रिकाम्या जागेत ह्यांची टाळी. बरं, चुकतायत म्हणावं, तर एकदाही बरोबर येत नव्हते. इतकं सातत्यानं चुकणं माणसाला जमत नाही. गणितात चुकणारी मुलंसुद्धा अधूनमधून बरोबर येतात.

पेहराव तर काही विचारू नका. खाली पांढरा लेंगा, पायात कोल्हापुरी वहाणा, डोक्याला फेटा आणि अंगात गर्द लाल रंगाचा कोट. कोटाच्या कॉलरीला काळं साटिन. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. सर्कशीतून पळालेला माणूस शाळेत कसा शिरला, असं मला वाटलं.

प्रार्थना संपल्यावर ते आपण होऊन माझ्याकडे आले. उजव्या पायाचा चवडा जमिनीवर दोनदा आपटला आणि म्हणाले, "नवं गनिताचं मास्तर तुमीच न्हवं?"

"हो. आणि आपण?"

पुन्हा दोनदा चवडा. "मुलाणी. गान्याचा मास्तर. माजी टाळी चुकली असं वाटलं ना तुमाला?"

"चुकली असं नाही," मी सभ्यपणे म्हटलं, "जराशी मागं पडली."

"मागं न्हाई, मास्तर. मधी पडली. समद्यांनी जितं टाळी दिली, तितं आपून देऊन काय वाढवायचं? मधली जागा मोकळी असती. गानं तितं ऱ्हातंय."

एवढं बोलून ते निघून गेले. चालतानाही त्यांचा एक पाय थोडा उशिरा पडत होता. मी गणिताचा पदवीधर, पण तो दिवसभर मधल्या जागेचा विचार करत बसलो.

मुलाणीमास्तरांना शाळेत नोकरी लागली त्याची कथा त्यांनीच मला सांगितली, आणि दर वेळी सांगताना तितक्याच आनंदानं हसत सांगितली. आमचे हेडमास्तर परचुरे म्हणजे भलतं कडक प्रकरण. शाळेला गाण्याचा मास्तर हवा होता. मुलाण्यांनी अर्ज टाकला. त्यात कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'मुंबईत बारा वर्षं जाझ गायनाचा अनुभव.'

परचुऱ्यांनी चष्मा पुसून विचारलं, "जाझ? म्हणजे झांज का?"

मुलाणी म्हणाले, "व्हय साहेब, ती बी असती त्यात."

"बरं. घराणं कुठलं?"

मुलाण्यांना वाटलं, घरदार विचारतायत. त्यांनी अदबीनं सांगितलं, "कान्ह्याचं, साहेब."

परचुऱ्यांना ग्वाल्हेर ठाऊक होतं, आग्रा ठाऊक होतं. कान्हे घराणं त्यांनी ऐकलं नव्हतं, पण आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "असं, असं. जुनं घराणं आहे."

"लय जुनं, साहेब. आमच्या खापरपंजापासून तितंच हाये."

एवढ्यावर नेमणूक झाली. कान्हे हे कामशेतच्या पलीकडचं शेतीवाडीचं खेडं आहे, आणि मुलाणीमास्तर रोज पहाटे तिथून कामशेतपर्यंत चालत येऊन गाडीनं लोणावळ्याला उतरतात, हे परचुऱ्यांना कळलं तेव्हा कायमची नेमणूक होऊन गेली होती.

आता हा कान्ह्याचा मुलाणी जाझपर्यंत पोचला कसा? त्यांचं मूळ नाव शमशुद्दीन. वडील गावचे मुलाणी. शाळेत, त्यांच्याच शब्दांत, "आपलं जमलं न्हाई." मग गुरं राखायची आणि रुळांकडेला बसून गाड्या ऐकायच्या. पाहायच्या नव्हे, ऐकायच्या. तेव्हा वाफेची इंजिनं होती. "इंजनाचा दनका समदेच ऐकत्यात, मास्तर. दोन दनक्यांच्या मधी काय हाय ते कोन ऐकतंय? मी ऐकायचो." पुढे विजेची इंजिनं आली त्याचं त्यांना अतोनात दुःख होतं. "विजंचं इंजन म्हंजी नुसतं 'ऊंऽऽ'. गवयानं तोंड मिटून गायल्यावानी."

सोळाव्या वर्षी ते लोणावळ्याला रेल्वेच्या लोकांचा जो क्लब होता, तिथे सोडा-बर्फ द्यायला लागले. शनिवारी तिथे गोरे आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्ड आपल्या मडमांना घेऊन नाचायला यायचे. मुंबईहून बँड यायचा. शमशुद्दीननं सोड्याच्या बाटल्या फोडता फोडता सगळी गाणी पाठ केली. इंग्रजीचा गंध नव्हता. आवाज जसा कानावर पडला तसा तोंडात बसवला. एका शनिवारी बँडच्या गवयाला हिवताप भरला. तो हॉलच्या मागे घोंगडी पांघरून कुडकुडत पडला. फेलिक्स नावाचा गोव्याचा बँडमास्तर डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात खुर्च्या मांडणारा एक पोरगा तेच गाणं गुणगुणताना त्याला ऐकू आला. त्यानं गवयाच्या अंगातला लाल कोट काढला आणि ह्याच्या अंगात घातला.

"शब्दाचा पत्त्या न्हाई," मुलाणीमास्तर सांगायचे, "पर गायलो. गानं संपलं तवा एक मडम रडत व्हती. मी फेलिक्सला इचारलं, काय चुकलं का? तो म्हनला, 'न्हाई रे बाबा, तिचा नवरा गेलाय, गान्यात तेच हाय.'"

पुढे त्याच कोटात ते मुंबईला गेले. मोठ्या हॉटेलात बारा वर्षं गायले. शमशुद्दीन मुलाणी हे नाव हॉटेलच्या पाटीवर बसेना, म्हणून फेलिक्सनं ते कातरून 'सॅम मुलेनी' केलं. त्यामुळे निम्मी मुंबई त्यांना आयरिश समजायची. उन्हानं रापलेला आयरिश. एका आयरिश पाद्र्यानं तर मोठ्या प्रेमानं विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

"कान्हे."

"कान्हे! अरे वा," पाद्रीबाबा म्हणाला, "माझी मावशी तिकडचीच. तिथलं लोणी फार चांगलं असतं."

"आता लोनी चांगलं असतंय हे तर खरंच हाय," मुलाणीमास्तर म्हणायचे. "मग मी कशाला न्हाई म्हनू?"

मी एकदा त्यांना विचारलं, की त्या गाण्यांचा अर्थ तरी काय असतो? त्यांनी चवडा आपटला. "दोनच जाती हायेत. एक, ती गेली. दुसरी, ती येनार हाय. सूर खाली असला की गेली, वर असला की येनार. लय शब्द कळाया लागत न्हाईत."

फेलिक्स म्हातारा होऊन गोव्याला परतला, बँड फुटला, इकडे वडील वारले आणि कान्ह्याला आई एकटी राहिली. तेव्हा मास्तर कोट घेऊन गावी आले आणि आमच्या शाळेच्या वाट्याला आले.

शाळेत त्यांनी काय शिकवलं? अभ्यासक्रमात भूप होता, दुर्गा होता, देशभक्तीची दोन पदं होती. ती सगळी त्यांनी शिकवली. फक्त शिकवून झाल्यावर त्या भूपाला ओळखायला भूपाच्या जवळचा माणूस लागला असता. मुलं मात्र खूश. तोंडानं तुतारी वाजवणं, डेस्कावर बोटांनी पावसाची सर काढणं, गाता गाता मधेच सगळ्यांनी थांबून एकाला मोकळं सोडणं, असले प्रकार त्यांच्या वर्गात चालत. एकदा त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुमचं पाडं उसनं द्या की." मी हसून दिले.

पंधरा दिवसांत माझ्या वर्गातल्या ढ मुलांना सतराचा पाढा येऊ लागला. मी आधी खूश झालो. मग बघितलं तर पाढा म्हणताना सगळा वर्ग डोलत होता. 'सतरा पाचे' म्हणून एक टाळीभर गप्प राहायचं, मग डावा खांदा उडवून 'पंच्याऐंशी!' त्या गप्प राहण्यात अशी काही खुमारी होती, की मीसुद्धा फळ्यावर लिहिता लिहिता खांदा उडवू लागलो. घरी माझ्या पत्नीनं, इंदूनं, मला आमटी वाढता वाढता विचारलंही, "खांदा धरलाय का तुमचा?"

आणि नेमके दिपोटीसाहेब तपासणीला आले.

ते धिप्पाड, मिशाळ, कमी बोलणारे गृहस्थ. परचुरे त्यांच्यामागे हात जोडून. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या यमू नावाच्या मुलीला उभं केलं. "तेरा साती?"

यमू गप्प. परचुऱ्यांचा चेहरा पडला. मला ठाऊक होतं की ती चुकत नाहीये, जागा सोडतेय. मग यमूनं खांदा उडवला. "एक्याण्णव!"

"सतरा पाचे?"

गप्प. खांदा. "पंच्याऐंशी!" ह्या वेळी मागच्या तीन बाकांचेही खांदे उडाले. साहेबांनी भुवया चढवल्या आणि सबंध वर्गाला पावकी, निमकी, दिडकी, काय वाटेल ते विचारलं. एकही उत्तर चुकलं नाही आणि एकही खांदा जागेवर राहिला नाही. शेवटी शेवटी तर साहेबांच्या हातातली छडी त्यांच्या बुटावर टकटक करू लागली होती. ती मधल्या जागेत पडत होती, हे मी शपथेवर सांगतो.

साहेब गेल्यावर परचुऱ्यांनी शेऱ्याची वही उघडली. त्यात लिहिलं होतं, 'पाढे उत्तम. खांदे अनावश्यक.'

परचुऱ्यांनी आम्हां दोघांना कचेरीत बोलावलं. "मुलाणी, उद्यापासून खांदे बंद."

मुलाणीमास्तर नम्रपणे म्हणाले, "करतो साहेब. पर खांदं बंद केलं तर मान हालंल. मान धरली तर आनिक कुटं तरी फुटंल. ते आत असतंय ना."

"ही शाळा आहे. हॉटेल नाही!"

"व्हय साहेब. हॉटेलात पोरं इतकी गुनी नसत्यात."

मास्तरांची नोकरी त्या दिवशी वाचली ती केवळ शेऱ्यातल्या पहिल्या दोन शब्दांमुळे. पण परचुऱ्यांच्या मनात अढी बसली. ते मला म्हणाले, "ह्या माणसाला मी वर्षअखेर काढणार. कान्हे घराणं म्हणे!"

परचुऱ्यांचं घर शाळेला लागूनच होतं, मधे फक्त एक भिंत. घरी परचुरेकाकू आणि एकुलती एक मुलगी शालिनी. शालिनी एकोणीस वर्षांची, देखणी, हुशार, पण बोलताना अडखळायची. नुसती अडखळायची म्हणजे काय, शब्दाच्या तोंडाशी येऊन उभी राहायची आणि दार लागल्यासारखी तिथंच थांबायची. विशेषतः स्वतःच्या नावापाशी. आणि मुलगी पाहायला येणारे लोक पहिला प्रश्न विचारतात तो नेमका नावाचाच. अशी तीन स्थळं हातची गेली होती. एकानं तर बाहेर पडता पडता, ऐकू येईल अशा बेतानं, "मुकी म्हणून आधी कळवायला हवं होतं," असं म्हटलं होतं. त्या दिवसापासून परचुरे जास्तच कडक झाले आणि शालिनीनं बोलणंच सोडल्यासारखं केलं.

इंदूचं तिच्याकडे जाणं-येणं होतं. एकदा ती धावतपळत घरी आली. "अहो, शालू पाढे म्हणत होती! मी मागच्या दारानं गेले, ती पोळ्या लाटत होती आणि शाळेतून मुलांचा आवाज येत होता. तिला कुणी ऐकतंय हे ठाऊक नव्हतं. लाटणं आपटून सतराचा सबंध पाढा म्हणाली. एकदाही अडली नाही!"

मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलाणीमास्तरांना हे सांगितलं. मला वाटलं ते खूश होतील. ते एकदम गंभीर झाले. हातातली भाकरी त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि तसेच उठून कचेरीकडे चालू लागले. काहीतरी भलतं होणार ह्या भीतीनं मी मागे गेलो.

"साहेब," मुलाणीमास्तर म्हणाले, "शालूताईला मी शिकवतो."

परचुऱ्यांना हे अगदी अनपेक्षित होतं. ते खुर्चीवरून उठले. "माझ्या मुलीला? त्या उड्या? मुलाणी, तुम्ही शुद्धीवर आहात का? आणि तिच्याबद्दल तुम्हांला कुणी सांगितलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"गानं न्हाई, साहेब. बोलनं शिकवतो."

"बोलणं शिकवायला पुण्याचे डॉक्टर झाले, वैद्य झाले, तोंडात गोट्या ठेवून झाल्या. तुम्ही काय शिकवणार?"

मुलाणीमास्तर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "साहेब, आता मी पाय न आपटता बोलतो. बगा."

त्यांनी दोन्ही पाय जुळवले, हात मागे बांधले आणि स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं.

"श..."

पुढे काही आलं नाही. मानेच्या शिरा फुगल्या. डोळे मिटले गेले. ओठ थरथरत राहिले, तोंडातून नुसती हवा येत होती. आठ वर्षांच्या मुलाचा चेहरा पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाच्या तोंडावर दिसत होता. मला बघवेना. मी पुढे होऊन त्यांना थांबवणार होतो, पण परचुरेच म्हणाले, "बसा. मुलाणी, बसा हो."

मास्तरांनी चवडा दोनदा आपटला आणि आवाज सुटला. "कान्ह्याला मला अडक्या म्हनायचे, साहेब. साळंत मास्तर नाव इचारायचे आन मी असा हुबा. समदी पोरं हसायची. मग मी साळाच सोडली. गाड्या ऐकता ऐकता मला घावलं. समेवर समदी टपून बसल्याली असत्यात. आपून तितं गेलो की धरत्यात. तवा समेला जाऊ द्यायचं म्होरं. ती गेली की मागनं हळूच शिरायचं. दार उघडंच असतंय. एवडंच जाझ हाय, साहेब. बाकी समदा कोट."

परचुऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"उद्यापासून," ते म्हणाले. "माजघरात. दार उघडं ठेवून. शालूची आई समोर बसेल."

"बसू द्या की. मानूस लागतंच तालाला."

ती शिकवणी मी दोनचारदा पाहिली आहे. माजघरात एका बाजूला मुलाणीमास्तर सतरंजीवर, समोर शालिनी, आणि दाराशी राखणीला काकू तांदूळ पाखडत बसलेल्या. पहिल्या दिवशी काकूंनी गाणं सुरू होताच सूप खाली ठेवलं. मास्तर कळवळले. "मावशी, सूप थांबवू नगा! लय झ्याक चाललं व्हतं. फेलिक्सकडं ड्रमवाला व्हता, त्याला असं कदी जमलं न्हाई." काकू आधी लाजल्या, मग पाखडू लागल्या. महिनाभरात परचुऱ्यांच्या घरातला झाडून सगळा तांदूळ तीन-तीनदा पाखडून झाला. नंतर शेजारपाजारचा येऊ लागला.

मास्तरांनी शालिनीला एक गोष्ट आधीच बजावली. "ताई, लगीन जमावं म्हनून मी शिकवत न्हाई. बोलावंसं वाटतंय म्हनून शिकवतो. चालंल?"

शालिनीनं मान डोलावली.

"मान न्हाई. पाय."

तिनं पाय आपटला. एक जागा जाऊ दिली. "चालेल," ती म्हणाली. काकूंचं सूप त्या वेळी मात्र थांबलं.

चार महिन्यांत ती सावकाश पण नीट बोलू लागली. तिचं ऐकायला गोड वाटायचं. प्रत्येक वाक्याआधी छोटीशी विश्रांती, त्यामुळे ती काय बोलते ह्याकडे आपोआप लक्ष जायचं. परचुऱ्यांनी लगोलग चौथं स्थळ आणलं. पुण्याचे लोक, मुलगा सरकारी कचेरीत. दुपारच्या गाडीनं येणार. परचुऱ्यांनी आधारासाठी मला बोलावलं होतं. मुलाणीमास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं, पण रविवार असूनही ते कान्ह्याहून आले आणि शाळेच्या पडवीत, बरोबर भिंतीपलीकडे, एकटेच बाकावर बसून राहिले.

पाहुण्यांत मुलगा, त्याची आई आणि मामा. बोलण्याचा मक्ता मामांकडे होता. पोहे आले. शालिनी येऊन बसली. मामांनी घसा खाकरला. "काय मुली, नाव काय तुझं?"

शालिनी गप्प. परचुऱ्यांनी माझा गुडघा इतका घट्ट धरला की त्याचे वळ रात्री इंदूला दाखवले. मामा पुढे झुकले. मुलाच्या आईनं मामांकडे पाहिलं. परचुरे तिच्या वतीनं बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात लुगड्याच्या काठाखाली अंगठा हललेला मला दिसला.

"शालिनी," ती म्हणाली. स्वच्छ, मधोमध, जशी घंटा पडावी.

परचुऱ्यांनी माझा गुडघा सोडला. मग काय विचारता! स्वयंपाक, शिवण, वाचन, सगळ्याला तिनं उत्तरं दिली. मामा खूश झाले. हसत हसत म्हणाले, "बरं, आमच्या मुलाला काही विचारायचंय का?" हा प्रश्न नुसता विचारायचा असतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं. पण त्या मुलीनं वर्षानुवर्षं प्रश्न साठवले होते.

तिनं एक जागा जाऊ दिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "हे मघापासून एक शब्दही बोलले नाहीत. तुम्ही ह्यांना विचारून आणलंय का?"

खोली गार झाली. मुलगा आधी लाल झाला, मग त्यानं मामांकडे पाहिलं, आणि त्या दिवशीचं त्याचं पहिलं वाक्य बोलला. "नाही विचारलं. मला इतक्यात लग्नच करायचं नाही."

पुढचा प्रकार आटोपशीर झाला. पाहुणे पोहे अर्धे टाकून पुढच्या गाडीनं गेले. जाताना मुलगा तेवढा शालिनीला नमस्कार करून गेला, तोही मनापासून. दार लागल्यावर परचुरे खुर्चीत बसले. आता काय होतंय म्हणून मी आणि काकू श्वास रोखून उभे.

"बोलत नव्हती म्हणून तीन गेली," परचुरे सावकाश म्हणाले, "आणि बोलली म्हणून चौथं गेलं." त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एवढ्या काळात प्रथमच ते मोठ्यानं हसले. पोट धरून हसले. हसता हसता डोळे पुसले. मग शालिनीला म्हणाले, "तुला काय करायचंय?"

अंगठा. विश्रांती. "मास्तरीण व्हायचंय."

"बरं," परचुरे म्हणाले. पुढे ती पुण्याला ट्रेनिंगला गेली आणि वडगावच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली. तिथे नाव विचारल्यावर गप्प राहणाऱ्या मुलीवर ती कधी ओरडत नाही, असं इंदू सांगते. मुलाणीमास्तरांना वर्षअखेर काढायचं परचुरे विसरून गेले.

मी पडवीत जाऊन मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीतून बरंचसं ऐकलंच होतं. "सवाल झ्याक टाकला पोरीनं," एवढंच ते म्हणाले. संध्याकाळच्या गाडीला त्यांना पोचवायला मी स्टेशनवर गेलो. गाडीला अवकाश होता. घाटाकडून धुकं येत होतं. आम्ही फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसलो. 

मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मास्तर, तुम्ही का नाही हो लग्न केलंत?"

त्यांनी चवडा आपटला नाही. खूप वेळानं आपटला.

"रोझलीन म्हनून व्हती. फेलिक्सकडं पियानो वाजवायची. बारा वर्सं मी तिच्या उजव्या हाताला हुबा राहून गायलो. मराठी बोलायची थोडी थोडी. मला म्हनायची, 'सॅम, तू एवढा उशिरा का शिरतोस?' आन हसायची." ते थांबले. "तिला इचारायचं व्हतं. विंग्रजीत इचारावं का मराठीत, ह्यातच चार वर्सं गेली. मग मराठीत ठरवलं. रोज मनात धरायचो, आज इचारू. पर मास्तर, समदं तालात बसतंय, ते वाक्य काई बसंना. तितं पाय आपटावा असं वाटंना. वाटायचं, हे तरी तिला तसंच सांगावं. आन तसं सांगाया गेलं की मी आपला अडक्या. ती समोर हुबी राहायची, वाट बगायची, आन शेवटाला मीच म्हनायचो, 'कुठलं गानं घ्यायचं आज?'"

"मग?"

"मग काय. फेलिक्ससंगं समदी गोव्याला गेली. बोटीवर बसवाया मी गेलतो. तवा बी गानंच इचारलं."

सिग्नल पडला. मास्तर उठले, कोट झटकला आणि एकदम मला म्हणाले, "आज म्हनून बगू का?"

ते रुळांकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही पाय जुळवलेले. पाय आपटला नाही. तोंड उघडलं आणि 'र'पाशी सगळं अडलं. मान ताठ झाली, शिरा फुगल्या. हमाल वळून पाहू लागला. मी मास्तरांना हात लावला नाही, शब्द सुचवला नाही, नजरही वळवली नाही. घाटातून गाडीचा दिवा दिसू लागला, मोठा होऊ लागला.

"र... रोझलीन," मुलाणीमास्तर म्हणाले. "माज्यासंगं... क... कान्ह्याला येशील का?"

गाडी आली. ते डब्यात चढले आणि खिडकीशी बसले. त्यांचा चेहरा घामानं भिजला होता आणि ते हसत होते.

"लय मोठं वाक्य न्हाई ओ, मास्तर," ते म्हणाले. "मी उगंच भ्यालो."